उजव्या चाकाची चिठ्ठी

व्हिक्टरच्या गाडीच्या चिठ्ठ्या बदलल्या तेव्हा मला फक्त अर्ध्या तासाची मजा पाहिजे होती.

गाडी म्हणजे विलायती स्पोर्ट्स कार, लाल, दोन सीटची, छप्पर मागे पाडायची. व्हिक्टरचे पप्पा मुंबईत एका पारशी शेठकडे ड्रायव्हर होते. शेठ गेल्यावर शेठाणीने ती त्यांना देऊन टाकली. व्हिक्टर आणि मार्गारेटवहिनी लग्न लावून चर्चमधून ह्याच गाडीत घरी आले. मग मुलीचं शिक्षण, घराचं बांधकाम, आणि गाडी गिरीजच्या वाडीत माडाखाली उभी राहिली ती सव्वीस वर्षं. आत कोंबड्या अंडी घालायच्या. रिटायर झाल्यावर व्हिक्टरने ती ओट्यासमोर पूर्ण खोलली, सुटलेल्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधली आणि दोन वर्षांत एकट्याने परत जोडली.

एकट्याने म्हणजे मी होतोच शेजारी. माझा धंदा फ्लॅट दाखवायचा, पण आवड व्हिक्टरला छळायची. डॅशबोर्डच्या मागे सुका बोंबील ठेवला, तर हा तीन दिवस मेलेला उंदीर शोधत होता. आरटीओचा साहेब बनून फोन केला, तर ह्याने गाडीवर पेंढा टाकला.

तर चिठ्ठ्या. पुढच्या दोन चाकांचे हब, म्हणजे चाक ज्यावर चढतं ते तुंबे, नटांसकट फळीवर ठेवले होते. एकावर 'डावा', दुसऱ्यावर 'उजवा'. मी अदलाबदल केली. म्हटलं, बसणार नाहीत, हा घाम गाळेल, मग सांगू. नेमकं दुसऱ्या दिवशी मला एक पार्टी घेऊन चंदनसारला जावं लागलं. परत येतो तर हब बसलेले, चाकं चढलेली. बसले म्हणजे दोन्ही सारखेच असणार, असं धरून मी गप्प राहिलो. फुकट गेलेली मस्करी कोण सांगत बसतो?

गेल्या रविवारी गाडी पहिल्यांदा बाहेर निघाली. वहिनींचं माहेर पाचूबंदरला. तिथे त्यांची आई सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलेली. मला व्हिक्टरने तुळिंजला पिटाळलं होतं, जयराम मिस्त्रीकडून स्टेपनी आणायला. तारांची चाकं सरळ करणारा आपल्याकडे तो एकच. घराच्या पडवीतच त्याचं काम चालतं, चपला बाहेर काढाव्या लागतात. चहा आला, तशी मी त्याला चिठ्ठ्यांची गोष्ट रंगवून सांगितली.

जयरामने कप खाली ठेवला.

"संग्रामभाऊ, ते चाक एकाच नटावर असतं. एका बाजूचे आटे सुलटे, दुसऱ्या बाजूचे उलटे. गाडी धावली की नट आपोआप आवळत जातो. तुम्ही बाजू बदललीत, आता तो आपोआप सुटत जाणार."

किती वेळात, मी विचारलं. तो म्हणाला, चाक काय सांगून निघतं का.

व्हिक्टरला फोन लावला. तो नुकताच निघाला होता. चाक निघेल, थांब, म्हटलं. तो मनापासून हसला. म्हणाला, संग्या, आजचा दिवस माझा आहे, आज नाही फसणार. त्यानंतर त्याचा फोन बंद. वहिनींचा नुसताच वाजत राहिला.

स्टेपनी तिथेच टाकून स्कूटर काढली. पूल ओलांडला, माहीत असलेली प्रत्येक गल्ली वापरली, आणि रस्ताभर उजवी-डावीकडची गटारं बघत गेलो, कुठे लाल दिसतंय का. पापडीला गर्दी दिसली आणि मी स्कूटर तिकडेच घातली. गर्दी केळीवाल्याभोवती होती.

किल्ला मागे पडल्यावर गाडी दिसली. छप्पर उघडं, वहिनींचा स्कार्फ उडतोय, व्हिक्टर एका हाताने लोकांना टाटा करतोय. मी पुढे काढून स्कूटर रस्त्यात आडवी घातली.

व्हिक्टरने ब्रेक मारला, पण इंजिन बंद केलं नाही. मी सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, आटे, जयराम. तो ऐकत होता, पण गालातल्या गालात हसत होता. म्हणाला, ह्या वेळी मेहनत घेतलीस, आता स्कूटर काढ. आणि गियर टाकला.

तेव्हा वहिनींनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"व्हिक्टर, ह्याच्या पायात चपला नायत."

"मग?"

"मस्करी करनारा मानूस चपला घालून येतो. नंतर पलायला लागतं."

मी खाली बघितलं. चपला तुळिंजलाच राहिल्या होत्या.

व्हिक्टर उतरला. पुढच्या उजव्या चाकाच्या मधोमध तो दोन कानांचा नट. त्याने त्याला नुसती तीन बोटं लावली आणि नट फिरला, बाटलीच्या बुचासारखा. व्हिक्टर तिथेच रस्त्यावर बसला. मी त्याच्या बाजूला बसलो. वहिनींनी दोघांकडे बघून छातीवर क्रूस काढला आणि म्हणाल्या, आता आईला किती वेल बसवून ठेवनार?

गाडीत शिशाची हातोडी होती, वहिनींच्या भावाने जाळ्याची शिसं वितळवून ओतलेली. व्हिक्टरने चारही नट ठोकून आवळले, पळवली तर पुन्हा सुटतील म्हणून इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर बसला. मी ढकलली. अनवाणी, भर उन्हात, पाचूबंदरच्या मासळीच्या लिलावामधून. लोक विचारायचे काय झालं. मी खरं सांगायचो. एकानेही विश्वास ठेवला नाही. इतकं बरं वाटत होतं की अजून दोन किलोमीटर ढकलली असती.

दुपारभर आम्ही वहिनींच्या माहेरच्या अंगणात हब काढून बाजू बदलल्या. व्हिक्टर पाना मागायचा, तोही माझ्याकडे न बघता. संध्याकाळी त्याने सासूला शेजारी बसवून जेट्टीपर्यंत फेरी मारून आणली. म्हातारी उतरायलाच तयार नव्हती. मी जवळ जाऊन नट चाचपला. दगडासारखा घट्ट.

निघायला स्कूटरपाशी आलो तर चावी नाही. खिसे झाले, डिकी झाली, अंगण पालथं घातलं. व्हिक्टर पायरीवर शांतपणे सरबत पीत होता. शेवटी म्हातारीलाच दया आली, तिने बर्फाच्या टोपाकडे बोट केलं. ताज्या बोंबलांत कोपरापर्यंत हात घातला तेव्हा चावी लागली. तिला एक चिठ्ठी बांधली होती, भिजलेली, व्हिक्टरच्या अक्षरातली. 'उजवा'.

मागून त्याचं हसणं ऐकू आलं. मी काही मागे वळून बघितलं नाही, डोळे पुसायला हात धड नव्हते.