पंधरावा एसी

"ताई, हे घर आहे की भट्टी?" हत्यारांची पिशवी दाराशी टेकवत एसी मेकॅनिकने बहिणीला विचारलं.

"भट्टी बरी. ती विझवता तरी येते."

तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलेल्या बहिणीने खिडकीला तापमापक टांगला होता. दुपारी दोन वाजता पारा पंचेचाळीसवर. खिडकीखाली खाटेवर अर्धांगवायू झालेले भावोजी. खाट हलवायला दुसरी खोली नव्हती.

"रस्त्यावर एक्केचाळीस आहे. तुझ्याकडेच चार अंश जास्त कसे गं?"

"खिडकीतून खाली वाकून बघ."

त्याने वाकून पाहिलं. इमारतीच्या मधोमध अरुंद डक्ट, म्हणजे खालपासून गच्चीपर्यंतची उभी पोकळी, त्यात एसीची चौदा आउटडोअर युनिटं गरम वारा ओकत होती. सगळी त्यानेच बसवलेली! डक्टमध्ये पाइप कमी लागतो, काम झटपट होतं आणि इमारतीची दर्शनी बाजूही छान दिसते. आज तो आला होता तोही दुसऱ्या मजल्यावर पंधरावा बसवायला. गरम वारा वर चढतो, आणि सर्वांत वर बहीण राहते, हे मात्र त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"तुलाही एक बसवून देतो. माझ्याकडून!"

"आणि आमची उष्णता कुणाच्या खिडकीत सोडशील? अरे, एसी उष्णता संपवत नाही. ती उचलून बाहेर टाकतो, वर स्वतःची भर घालतो. त्याच्या विजेसाठी कुठेतरी कोळसा जळतो. पुढचा उन्हाळा आणखी तापतो, आणि तुला आणखी कामं मिळतात."

"म्हणजे सगळं खापर माझ्यावर?"

"नाही रे. भावाचा धंदा चाललाय म्हणून मीही गप्पच बसले." बोलता बोलता तिने नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि ती दचकली. "अरे, यांचा घाम थांबलाय!"

अंग तापलेलं, कातडी कोरडी. हाक मारली तर ओ नाही. अँब्युलन्सवाले म्हणाले, "दीड तास लागेल. आज सगळीकडून हेच फोन आहेत."

ओल्या चादरीत गुंडाळून दोघांनी त्यांना जिन्याने उतरवलं. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं.

"अहो, आमचा एसी बसवताय ना?"

"डक्टमध्ये नाही! यापुढे एकही नाही!"

भावोजी वाचले. आठवड्याने त्याच खिडकीखाली परतले. पंधरावा एसी तोवर दुसऱ्या मेकॅनिकने डक्टमध्येच बसवला होता.

मेकॅनिक दारोदार फिरला. "युनिट पुढच्या भिंतीवर हलवून देतो, फुकट." बहुतेकांनी "बघू" म्हणत दार लावलं. दोघे तयार झाले. ती दोन युनिटं हलवून तो वर आला.

"किती उतरलं?"

"अर्धा अंश," बहीण म्हणाली आणि टॉवेल पुन्हा ओला करायला उठली.

लोकहो, उष्णता फेकून द्यायला 'बाहेर' नावाची जागा आता उरलेली नाही. आपण जिला बाहेर म्हणतो, तिथे कुणाची तरी खाट असते. बटण दाबण्यापूर्वी एकदा खिडकीतून वर बघा.