प्रत्येकी पाच मिनिटं

शाळा सोडून जाण्याआधी दहावीच्या वर्गाने व्हरांड्यातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे ढकलायचं, ही त्या शाळेची जुनी खोडी. पाचच. सहा केली तर वाह्यातपणा, चार केली तर भित्रेपणा. शिक्षक काणाडोळा करत, कारण त्यांतल्या निम्म्यांनी आपल्या वेळी त्याच स्टुलावर चढून काटा सरकवलेला. घंटा त्या घड्याळावर वाजायची, सगळी शाळा पाच मिनिटं लवकर सुटायची, आणि दहावीची पोरं राज्य जिंकल्यासारखी गेटाबाहेर पडायची.

यंदा ही कामगिरी काडीकडे होती. अंगाने काडी आणि स्वभावाने काड्या करणारी, असं नाव तिने दोन्हीकडून कमावलेलं. चौथ्या तासाला ती पाणी प्यायला म्हणून बाहेर पडली, स्टुलावर चढली, मोठा काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर नेला आणि देवमाणसासारखा चेहरा करून बाकावर येऊन बसली. वाजलेत किती, हे पाहायला तिला उसंतच नव्हती.

थोड्या वेळाने घंटा झाली. तासाची एक टोल्याची नव्हे, लांब, घणघणणारी. पहिली-दुसरीच्या मुलांना सोडायची.

विज्ञानाच्या सरांनी मनगट पाहिलं. "अकराला पाच कमी. ह्यांना साडेअकराला सोडतात ना?"

काडीने शेजारच्या ढोल्याला कोपर मारलं. "मी पाचच केली होती."

ढोल्या घाम पुसायला लागला. "मीपण पाचच केली. मला वाटलं, तू ऐन वेळी कच खाशील."

"मी कधी कच खाल्लीय?"

"मलाही तेच वाटलं," मागच्या बाकावरून आवाज आला. मग त्याच्या मागून आणखी एक. आज तासाला पोरांना एवढी तहान का लागत होती, ते सरांना आत्ता कळायला लागलं असावं. त्यांनी खडू खाली ठेवला.

"सात जण," मॉनिटर पुटपुटली. गणितात ती पहिली, आणि ह्या यादीत सातवी. "साता पाचा पस्तीस."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. काडी हसली नाही. तिची धाकटी बहीण पहिलीत होती. वाटोळी, बारकी, घरात सगळे तिला बटण म्हणत. तिला न्यायला आजोबा यायचे, अकरा वीसला, मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामावर, घराला कुलूप. आणि घर मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, जिथून दिवसभर खडीचे ट्रक जायचे.

"कुठे निघालीस?" सरांनी विचारलं, तोवर ती जिन्यात होती.

गेटापाशी चार-पाच पोरं दप्तरं सांभाळत उभी होती. त्यांच्यात बटण नव्हती. न्यायला कुणाचंच कुणी आलं नव्हतं, म्हणून घंटेची मावशी एकेकाला दंडाला धरून आत ओढत होती. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं.

"मावशी, माझी बहीण?"

"गेली ग. तिच्या मैत्रिणी निघाल्या, त्यांच्यामागून गेली. मी थांबवणार होते, पण मला वाटलं, आपणच चुकलोय. घड्याळात साडेअकरा वाजलेले. म्हटलं, बसल्या जागी डोळा लागला आपला. तासाची घंटापण राहिली. म्हणून घाईघाईने वाजवून टाकली." मावशीचा आवाज बारीक झाला. "गेल्या महिन्यात मोठ्या बाईंनी विचारलं होतं, मावशी, आता झेपतंय का तुम्हाला. मी म्हटलं, झेपतंय."

काडीला एक वाक्य बोलायचं होतं. ते राहून गेलं. ती पळत सुटली.

रस्त्याच्या कडेला चपला शिवणारा बसलेला. ट्रक एकामागून एक जात होते आणि त्यांच्या धुळीत पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"काका, एक बारकी मुलगी पाहिलीत? लाल दप्तर."

"पाहिली की. हात वर करून मधोमध चालत गेली, पोलिसासारखी. ड्रायव्हरने ब्रेक दाबला ना, इथपर्यंत वास आला टायरांचा." त्याने दोरा ओठांनी ओला केला. "तुमचीच का? घरात मोठं माणूस नाही कुणी?"

हात वर करायला काडीनेच शिकवलं होतं. खेळात.

दोन ट्रकांच्या मधून तिने रस्ता पार केला. घराला कुलूप तसंच. पायरीवर कुणी नाही. शेजारचं दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. आजोबा साडेदहाला घराबाहेर पडून वाचनालयात बसत, पेपर चाळत, आणि तिथूनच शाळेत जात. बटणाला ते ठाऊक असेल का? काडी वळली. ती वाचनालयाकडे धावली.

वाचनालयाच्या लांब टेबलाशी बटण खुर्चीवर बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते. समोर आजोबा उभे होते, हातात पेपर.

"ताई, मी ट्रक थांबवला," बटण म्हणाली.

काडीने तिला इतकं घट्ट धरलं, की ती चिडली. "दुखतंय ना."

आजोबा काडीकडे बघत नव्हते. भिंतीवर घड्याळ होतं, अकरा वाजून बारा मिनिटं. तिकडेही बघत नव्हते. "माझंच चुकलं बाळ. मी वेळ विसरलो. परवा दूध उतू गेलं, काल चष्मा डोक्यावर असून शोधत होतो. आता पोरीलाच विसरलो." त्यांनी पेपराची घडी घातली, ती तिरपी झाली, पुन्हा घातली. "आईला सांगू नकोस लगेच. मीच सांगेन. उद्यापासून तिला आणायला दुसरं कुणीतरी बघा."

काडीला त्या क्षणी गप्प बसणं किती सोपं होतं. सगळं आपोआप झाकलं गेलं असतं.

"आजोबा, ते घड्याळ बघा. तुम्ही वेळेवर आहात. शाळेचं आम्ही पुढे केलं. मी पाच मिनिटं केली, बाकीच्यांनीही पाच-पाच केली. एकमेकांना न सांगता."

आजोबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग खुर्चीचा आधार घेऊन बसले, आणि त्यांचा हात बटणाच्या डोक्यावर गेला.

"अक्कल गहाण ठेवली होतीस?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "घंटा कोण वाजवतं तुमच्याकडे?"

"मावशी."

"तिला सांगितलंस?"

काडीने मान हलवली. नाही.

"मग इथे काय करतेस?"

तिघं परत निघाली. रस्त्यावर आजोबांनी बटणाचं मनगट धरलं, दंड धरला नाही, बोटंही नाही, मनगट. काडी दोन पावलं पुढे चालत होती, आणि शाळा जवळ यायला नको असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

व्हरांड्यात मोठ्या बाई उभ्या होत्या, शाळेच्या मुख्याध्यापिका. समोर मावशी, हातात घंटेचा हातोडा, जणू तो परत करायला आणलेला. "डोळा लागला असेल, बाई. नाकारत नाही मी." बटण दिसली तसं तिने हातोडा खाली ठेवला, पोरीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, आणि तोंडाला पदर लावला.

वरच्या कठड्यावर दहावीचा वर्ग ओणवा झालेला. बाकीचे सहाही त्यांत होते.

"मावशी," काडी म्हणाली. मोठ्या बाईंसमोरच म्हणाली. त्यांच्याकडे बघितलं असतं तर बोलताच आलं नसतं. "तुमचा डोळा लागला नव्हता. घड्याळाचा काटा मी सरकवला. आमच्या वर्गाने."

मोठ्या बाईंनी श्वास सोडला. "माझ्या खोलीत चल. आईला निरोप जाईल, आणि तुझं परीक्षेचं प्रवेशपत्र माझ्याकडे राहील, मी सांगेपर्यंत."

"हो, बाई."

पण ती हलली नाही, कारण मावशीने तिचा हात धरला होता. रागाने की कशाने, ते कळत नव्हतं. मावशी घड्याळाकडे बघत होती.

"म्हणजे मी जागीच होते," ती म्हणाली. मग मोठ्या बाईंकडे वळून, जरा मोठ्याने, "बाई, मी जागी होते."