चपातीचे सहा आठवडे

मुरुडच्या बाजारात माझ्या भाकरीला नाव आहे. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायची वाट बघत बसले तर तवा गार होईल. थापायला लागले की मला झोपेसारखं काहीतरी येतं. हात चालू असतात, बांगड्या वाजत असतात, आणि मी भलतीकडेच असते. बहुतेक वेळा पत्र्याच्या शेडमध्ये. त्या शेडचं पुढं सांगते, आधी आरतीचं.

आरती माझी एकुलती एक. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून तिच्या वडिलांनी, सुदर्शननी, तिला लातूरला क्लासला घातलं. तिथं भिंतींना जागा उरलेली नाही. जिकडं बघावं तिकडं टॉपर पोरापोरींचे फोटो, सगळे झोपेतून उठवून काढल्यासारखे. भाकरी थापता थापता मला त्यात माझी पोर दिसायची. हॉस्टेलच्या मेसला दोन्ही वेळा चपाती होती, त्याचं मला कोण कौतुक. आमच्याकडं चपाती सणाला, नाहीतर पाहुण्याला. माझी पोरगी रोज पाहुण्यासारखी जेवते, असं मी बाजारभर सांगत सुटले.

सहा महिन्यांत पोरगी वाळली. पोट फुगायचं, दुखायचं, जुलाब थांबेनात, अंगात रक्त राहिना. क्लासचे सर म्हणाले, परीक्षेचं टेन्शन. शेजारच्या सरजाबाईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. सुदर्शन म्हणाले, हिच्यानं झेपत नाही म्हणून नाटकं करते, आता घरी आणू आणि स्थळ बघू. आरती फोनवर एवढंच बोलली.

"आई, मी नाटक करत न्हाई."

तिला घरी आणली. तीन महिने भाकरी, वरण, ताक. गालांवर रंग चढला, आणि मला वाटलं, माझ्या हाताचाच गुण. तरी मनाला चैन पडेना, म्हणून लातूरला पोटाच्या डॉक्टरबाईंकडं नेली. सुदर्शननी निघतानाच बजावलं होतं, तपासणीत काही निघालं तर ठीक, नाहीतर शिक्षण बंद.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. गव्हातला एक चिकट भाग काहींच्या आतड्याला सोसत नाही. तो पोटात गेला की शरीर आपल्याच आतड्याशी भांडायला लागतं, आणि त्या भांडणाची खूण रक्तात सापडते. आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. मग त्यांनी विचारलं, सध्या जेवणात काय असतं? आता बघा, मी भाकरीवर संसार चालवणारी बाई. पण त्या थंड खोलीत, त्या इस्त्रीच्या साडीसमोर, भाकरी म्हणायला माझी जीभ वळेना. "चपाती," मी म्हणाले, "दोन्ही टायमाला." आरतीनं माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घातली.

रिपोर्ट आला. सगळं ठीक. सुदर्शननी फोनवर ऐकलं आणि फोन ठेवून दिला. शिक्षण बंद, ते मी त्यातच ओळखलं.

रिपोर्ट घेऊन आम्ही दोघी लॅबच्या बाकावर बसलो आणि मी भाकरीचं फडकं सोडलं. आरती भाकरी मोडायला लागली. रक्त काढणारे कलीमभाई दारातून जाता जाता थांबले. दोन पिढ्या लातुरात काढलेला माणूस, पांढरी दाढी, बोलणं हळू. क्लासची पोर दिसते, मेसच्या चपातीची सवय मोडली का, असं त्यांनी भाकरी बघून विचारलं. मी म्हणाले, तीन महिने झाले, गव्हाला शिवलेलीसुद्धा नाही. ते माझ्याशेजारी टेकले.

"ताई, गहू पोटात गेलाच न्हाई तर रक्त काय बोलंल?"

त्यांनी आम्हाला पुन्हा बाईंच्या खोलीत नेलं. मी खरं काय ते सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, त्यामुळं मला आणखीच मेल्यासारखं झालं. म्हणाल्या, रोज दोन्ही वेळा चपाती खाऊ द्या, सहा आठवडे, मग पुन्हा रक्त. सहा आठवडे. जे खाऊन माझी पोर अर्धी झाली ते मी माझ्या हातानं करून वाढायचं.

मला ते जमेना. ज्वारीच्या पिठात थोडं तांदळाचं घातलं, उकड काढली आणि पातळ लाटली. हात माझा, दिसायला अगदी चपाती. आठव्या दिवशी आरतीनं ताट बाजूला सरकवलं.

"आई, ही चपाती खोटी हाय. पोट दुखंना माझं."

मी चुलीसमोरच बसून राहिले. दुपार होती, पत्र्यावर ऊन तडतडत होतं. तडतडणारा पत्रा ऐकला की मी दहा वर्षांची होते. त्या आवाजातच मी तिला सांगितलं, जे मी तिच्या वडिलांनाही कधी सांगितलं नव्हतं.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव गेलं, आजी गेली. आई-बाप, मी आणि धाकटा भाऊ शिवलिंग वाचलो आणि सरकारनं उभ्या केलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आलो. तेव्हापासून मी एक तळवा जमिनीला टेकवूनच झोपते, ती हलली तर कळावं म्हणून. मदतीचे ट्रक यायचे, त्यात ब्रेड असायचा. शिवलिंगनं ब्रेड तोवर बघितला नव्हता. पांढरा, मऊ. पाच वर्षांचं पोर ते, गालाला लावून बसायचा. माझ्या वाटणीचाही मी त्यालाच द्यायची, साखरपाण्यात बुडवून, मांडीवर घेऊन. मग त्याचं पोट फुगलं, हातापायाच्या काटक्या झाल्या. सगळे म्हणाले, पोरानं भूकंपाची धास्ती घेतली. पुढच्या दसऱ्याआधी तो गेला. त्याला काय झालं होतं ते मला माहीत नाही आणि कधी कळायचंही नाही. पण डॉक्टरबाई बोलत होत्या तेव्हा मला त्यांच्या तोंडाऐवजी माझा हात दिसत होता, त्यात तो ब्रेड.

 आरती उठली, गव्हाच्या पिठाचा डबा काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

"मामाचं रक्त कुणी बघितलं न्हाई. माझं बघू दे."

मी कणीक मळली. रडत मळली, लपवत नाही. ते सहा आठवडे मला धुक्यातून चालल्यासारखे आठवतात. मी लाटायची, ती खायची. मग ती पुस्तक घेऊन आडवी व्हायची आणि मी एक तळवा तिच्या फुगलेल्या पोटावर ठेवायची, दुसरा जमिनीवर. काय हलत होतं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. सुदर्शन दारातून बघायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी नाटक हा शब्द सोडला.

दुसऱ्या तपासणीत रक्त बोललं. जिथं दहाच्या आत असायला हवं तिथं शंभराच्या वर आकडा होता. बाईंनी दुर्बीण घालून आतडं तपासलं आणि पक्कं सांगितलं. औषध काही नाही, गहू जन्मभर बंद. सुदर्शननी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि आरतीच्या डोक्यावर हात ठेवला. आता आरती लातूरला आहे. रोज सकाळी मी भाकऱ्या बांधते आणि ते स्वतः डबा एसटीत ठेवून येतात.

हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, म्हणून बाईंनी मलाही तपासणी लिहून दिली. मी लॅबच्या त्याच बाकावर बसले होते. पंखा फिरत होता, डोळा लागला. शेड तेच, पण ट्रक आला नव्हता. चूल पेटलेली होती, शिवलिंग समोर मांडी घालून बसला होता. मी भाकरी थापली, भाजली, त्याच्या हातावर ठेवली. गरम होती, तो या हातातून त्या हातात करत फुंकर मारत होता.

कलीमभाईंनी हाक मारली. दंडाला रबर बांधायच्या आधी त्यांनी फॉर्म समोर घेतला. नाव लिहिलं, महादेवी. मग विचारलं, भावंडं किती? इतकी वर्षं मी सगळ्यांना नाही म्हणूनच सांगत आले होते.

"एक भाऊ. शिवलिंग."

"वय?"

"पाच."

कलीमभाईंनी माझ्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांकडं बघितलं. मग त्यांनी पाच लिहिलं, आणि मी हात पुढं केला.