पाठीवरची टोपी

सी अल्लाल आले खरे, पण लेकीकडे पाठ करून बसले. उदायाच्या कसब्यातल्या, म्हणजे जुन्या किल्ल्यातल्या, बागेत इतकी बाकं रिकामी असताना त्यांनी नेमकं बतूल बसली होती त्या कठड्यापुढचं बाक धरलं. म्हणजे लांबही जायचं नव्हतं आणि तोंडही दाखवायचं नव्हतं. या हट्टाला काय म्हणावं!

पाच वर्षांपूर्वी बतूलने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून तिला घराचं दार बंद. उद्या ती नवऱ्याबरोबर कायमची कॅनडाला चालली होती. पुन्हा येईपर्यंत बाबा असतील का, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता.

"यम्मा, बाबांना विचार ना, गुडघा कसा आहे?" ती बाबांशेजारी बसलेल्या आईला म्हणाली.

"लल्ला झहूर," सी अल्लाल बायकोकडे बघत गुरगुरले, "त्या बाईंना सांग, गुडघा माझा आहे."

"मी काय टपालखात्यात आहे?" आई कडाडली. "दोघांची तोंडं शिवलीत का? आता अस्रच्या नमाजाची बांग झाली की हे उठणार. मग बस रडत!"

तटाखाली नदीवर नावाडी गिऱ्हाइकांना हाका मारत होते. बतूलने किती वाक्यं घोकून आणली होती. त्यातलं एक ओठांवर येईल तर शपथ.

तिच्या पुढ्यात बाबांच्या जेलाबाची, त्या पायघोळ झग्याला मागे शिवलेली, टोपी पाठीवर पिशवीसारखी लोंबत होती. बाजारातून येताना बाबा तिच्यात पाव टाकून आणायचे. आणि दर शुक्रवारी याच बागेत छोटी बतूल मागून गुपचूप त्या टोपीत नारिंगाची गळलेली फुलं भरायची. घरी जेलाबा उतरवताना बाबा दचकल्याचं सोंग करायचे, "कोण हा चोर?"

बतूल वाकली. झाडाखालची मूठभर फुलं तिने वेचली. त्यांनी झटकून टाकली तर? मग सगळंच संपलं. श्वास रोखून तिने फुलं टोपीत सोडली. बाबांची पाठ जराशी ताठ झाली, बस्स.

तेवढ्यात बांग झाली. सी अल्लाल उठले आणि मागे न बघता चालू लागले. बतूलचे डोळे भरून आले. फाटकाशी समुद्राचं वारं नुसतं भणाणत होतं.

"अहो, टोपी घ्या डोक्यावर!" आई मागून ओरडली. "परवा रात्रभर खोकत होतात!"

सी अल्लाल थांबले. हात मागे नेऊन त्यांनी टोपीचं तोंड मुठीत घट्ट धरलं.

"नको," ते म्हणाले. "फुलं सांडतील तिची."