बाटलीवरची सही

१९५८ साल. जुनं ईथर नुसतं तापवलं तरी बाँबसारखं फुटतं, म्हणून बंगळूरच्या त्या प्रयोगशाळेत दंडक होता: आधी ते तपासायचं, मगच बाटलीवर सही करायची. हणमंताला संशोधनाला लागून दोनच महिने झाले होते आणि सरांपुढे निकाल ठेवायची मरणाची घाई. गाढवाने न तपासताच सही ठोकली.

दुपारी शेजारच्या टेबलावर त्याच्याहून जुनी संशोधक असलेल्या अनुसूयाअक्काने त्याच बाटलीतलं ईथर तापवायला ठेवलं. स्फोटाने खिडक्यांची तावदानं उडाली. काचा अक्काच्या गालात, कपाळात, दोन्ही डोळ्यांत घुसल्या. हणमंताने तिला उचललं तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत रक्ताने माखले.

“मी तपासायलाच घेतलं होतं रे,” ती कशीबशी म्हणाली, “मग तुझी सही दिसली.”