परसातली रेघ

माणूस रानटी होता तोवर त्याच्याकडे नुसती जमीन होती; तिच्यावर त्याने सरळ रेघ मारली आणि संस्कृती सुरू झाली – आतलं आणि बाहेरचं, आपलं आणि परकं, न्याय आणि अन्याय, सगळं त्या एका रेघेतून निघालं... असा थोर विचार दिगंबररावांच्या मनात आला तेव्हा ते परसात उकिडवे बसून चिकटपट्टीचं टोक नखाने उकलत होते. टोक निघालं. पट्टी निघाली. तिच्याबरोबर हातभर पांढरा रंगही निघाला आणि संस्कृतीला मधेच खिंडार पडलं.

"काका, हात नका ना लावू!" कोर्ट बसवून देणारा रविराज ब्रश टाकून धावला. "प्रॉपर ड्राय होऊ द्या म्हटलं होतं."

"सरळ आहे का, ते बघत होतो."

रेघ सरळच होती. परस आखूड होतं. बॅडमिंटनचं कोर्ट इथे चार फुटांनी मावत नाही, हे रविराजने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि उरलेलं भिंतीवर चढवा, असा निकाल दिगंबररावांनी दिला होता. त्यामुळे एका बाजूची शेवटची रेघ आता कंपाउंडच्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर, तोरणासारखी गेली होती. कोथरूडच्या त्या गल्लीतले बाकीचे बंगले एकेक करून टॉवर झाले होते. शेजारच्या टॉवरमधल्या एकाने गॅलरीतून चौकशीही केली होती, "काय हो, हेलिपॅड का?"

"हो. तुमची लिफ्ट बंद पडली की कळवा."

उत्तर चांगलं होतं, दिवसभर पुरलं. पण रात्री पडल्यावर वाटलं, खरं उत्तर द्यायला काय हरकत होती – मुलीसाठी करतोय. वल्लरीसाठी. ती येरवड्याला राहते, म्हणजे याच गावात, आणि सणाला येते, जेवते, भांडी आवरते, आईशी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलते, आणि आपण तिथे गेलो की दोघी हवापाण्यावर येतात... तर ती खेळायला येईल. नुसती, कारण नसताना येईल. एवढंच.

पेरूचं झाड गेलं तिथे आता जाळ्याचा खांब होता. त्याच झाडाखाली ती शाळेतून आली की भिंतीवर शटल मारत बसायची, टक्... टक्..., आणि मधेच थांबून विचारायची, "बाबा, इथे जाळं बांधू या?" ते पेपरातून मान न काढता म्हणायचे, "बघू." सुट्टीतल्या शिबिराला जाऊ? बघू. नाशिकला स्पर्धा आहे, सर म्हणाले पाठवा – बघू. मग एके दिवशी टक् थांबलं. रॅकेट माळ्यावर गेली. आणि दिगंबररावांनी लग्नकार्यात, पाहुण्यांत, खुद्द व्याह्यांपुढेसुद्धा हसत हसत सांगितलं, आमच्या वल्लरीचं कशातच टिकत नाही हो, खेळ म्हणू नका, गाणं म्हणू नका...

ती त्या वेळी ताटं घेत असायची. ऐकायची.

परवा जाळं आलं तेव्हा ते सुनीतीबाईंना म्हणाले, "खेळ सोडल्याला इतकी वर्षं झाली, आता तिला जमेल का?"

"सोडला कुणी?" सुनीतीबाई गवार मोडत होत्या, मोडतच राहिल्या. "खेळते की. तिकडे हॉलमध्ये, ऑफिस सुटल्यावर. लग्न झाल्यापासून."

"मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही नको म्हणाला होता ना."

"मी? मी कधी नको म्हटलं? मी बघू म्हणायचो!"

"अहो, तेच. या घरात बघू म्हणजे नाही. मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं. तिला तर जन्मजातच."

पण मी खरंच बघणार होतो... तेव्हापासून हे एकच वाक्य दिगंबररावांच्या डोक्यात फिरत होतं, आणि प्रत्येक फेरीला थोडं झिजत होतं. मी बघणारच होतो. कचेरीत मी बघू म्हणायचो आणि कामं होत जायची, निदान माणसं परत येऊन विचारायची तरी. ही परत आलीच नाही. लहान मुलीने किती वेळा परत यायचं असतं... आणि बघणार होतो म्हणजे नेमकं काय बघणार होतो? हे मात्र, कितीही ताणलं तरी, आठवेना.

रविराजने खिंडार बुजवलं, डबे आवरले, "संध्याकाळपर्यंत नो एंट्री, काका," असं बजावून गेला. दिगंबररावांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

"बोला बाबा. आईला बरं आहे ना?"

"आई उत्तम. मी म्हटलं, रविवारी... इकडे परसात जाळं बांधलंय. बॅडमिंटनचं. येतेस का खेळायला?"

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला.

"बाबा, उघड्यावर शटल वाऱ्याने जातं."

"जाऊ दे की. आणू आपण."

ती किंचित हसली. किंवा तो श्वास असेल. "बघू," म्हणाली.

फोन बंद झाला तरी त्यांनी तो कानालाच धरून ठेवला. हे कुठलं बघू? जगातलं, की या घरातलं? आवाज तर सरळ होता, त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता, आणि राग नव्हता हेच फार वाईट वाटत होतं... शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिला, एकदा होसारखा, एकदा नाहीसारखा. दोन्ही सारखेच ऐकू आले. रविवार लांब होता, तोवर पुन्हा विचारावं की गप्प बसावं, आणि विचारलं तर तिला कटकट वाटेल का, अशा एका नव्याच भीतीने ते उभे राहिले, हात मागे बांधून, मोठ्या माणसांसमोर मुलं उभी राहतात तसे.

मागून सुनीतीबाई आल्या, डोक्यावर पदर, हातात भलंमोठं ताट.

"अहो, ऊन चाललंय. जाळं जरा वर धरा. कुरडया घेऊन मला वाकता येत नाही."