एका कानातला डूल

मुलांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि मी सांगते ते समोर आणा.

पांढऱ्या नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, एक गोल तंबू. त्याची एक बाजू सोडून ठेवली आहे, कारण तिथून एका तीन पायांच्या कॅमेऱ्याला आत बघायचं आहे. आत, कॅमेऱ्याकडे पाठ करून, एक बाई आणि एक पुरुष बसले आहेत. दोघांचेही केस पांढरे. बाईच्या अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी भरतकामाचा कोट आहे आणि तो तिला काखेत दाटतो आहे.

"आपा, खांदे जरा सैल सोडा!" कॅमेऱ्यामागून राजधानी बिश्केकहून आलेला तरुण दिग्दर्शक एर्मेक ओरडला.

"खांदे सैलच आहेत रे. कोट आखडलाय," उमसुनाय म्हणाली.

शेजारचा तोक्तोसुन फसकन हसला.

"अता, हसू नका! तुमची पाठ हसतेय, इथून दिसतं!" आमच्याकडे आईला आणि आईच्या वयाच्या बाईला आपा म्हणतात, वडीलधाऱ्या पुरुषाला अता.

सिनेमा होता उतारवयात प्रेमात पडणाऱ्या दोघांचा, आणि हसवणारा. खरे नट-नटी दरड कोसळल्यामुळे खिंडीच्या पलीकडे अडकले होते. ऊन उतरत चाललं होतं. एर्मेकला या प्रसंगात म्हाताऱ्या जोडप्याच्या नुसत्या पाठी पुरेशा होत्या. म्हणून त्याने आमच्या तेरेक-सू गावातून दोन पाठी निवडल्या. निवडताना त्याने फक्त अंगाची ठेवण पाहिली. त्या बिचाऱ्याला बाकी काय माहीत असणार?

गावाला माहीत होतं. उमसुनाय उन्हाळाभर कुरणावर घोड्या पिळायची आणि त्या दुधाचा आंबट कुमिस कॅनमध्ये भरून तालुक्याच्या बाजारात न्यायची. तोक्तोसुनची प्रवासी गाडी तिथवर जायची. ती विधवा, तो विधुर. बाजाराच्या दिवशी त्याच्या शेजारच्या सीटवर कुणी बसायला गेलं, की तो गुरकावायचा, "उठा, ती जागा कॅनची आहे." मग रस्त्यात कॅन मागे जायचे आणि उमसुनाय पुढे यायची. सगळी गाडी खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग करायची.

आता तंबूत परत या. प्रसंग मागणीचा होता. आमच्याकडे नवऱ्याकडच्या बाईने कानात डूल घातले, की ती बाई त्या घरची ठरली. नवऱ्याची बहीण म्हणून एर्मेकने केरेझला बसवलं होतं, आणि केरेझ तोक्तोसुनची सख्खी बहीणच होती. चांदीच्या दोन डुलांचं ताट धरून उभी होती सात वर्षांची बेगायिम, उमसुनायची नात. आणि आशीर्वाद द्यायला होते सापाराली अता, गावातले सगळ्यात वृद्ध.

सापाराली अतांची एक पद्धत होती. समोरच्या प्रत्येकाने दोन्ही तळवे उघडून पुढे धरल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. त्या दिवशीही ते थांबले. तंबूत सगळ्यांचे हात पुढे झाले. मग त्यांनी मान वळवून कॅमेऱ्यामागे पाहिलं.

"तू पण, पोरा."

"अता, मी कॅमेरा..."

"दोन्ही हात. एका हातात आशीर्वाद मावत नाही, सांडतो."

एर्मेकने मुकाट्याने तळवे उघडले. कॅमेरा आपला आपण चालत राहिला. अतांनी आशीर्वाद दिला, तोही आखूड नाही. तुमच्या चुलीचा धूर सरळ वर जावो, तुमचा शब्द एकमेकांना थंडीत घोंगडीसारखा होवो. सगळ्यांनी "ओमिन" म्हणजे तसंच होवो, असं म्हणून तळवे चेहऱ्यावरून फिरवले. केरेझने ताटातला एक डूल उचलला आणि उमसुनायच्या उजव्या कानात घातला. दुसऱ्यासाठी हात पुढे केला, तेवढ्यात तालाय आला.

तालाय म्हणजे उमसुनायचा धाकटा मुलगा, बेगायिमचा बाप. आमच्याकडे म्हातारपणी आईबाप धाकट्याकडेच राहतात. कुणीतरी शाळेच्या बॉयलरवर जाऊन त्याला सांगितलं होतं, "अरे, तुझ्या आईची मागणी चाललीय!" तो कोळशाच्या काळ्या हातांनीच पळत आला होता.

"आपा, ऊठ!"

"शूटिंग चाललंय दादा..." एर्मेक म्हणाला.

"तुझं शूटिंग घाल चुलीत! माझ्या आईला तमाशाला बसवतोस?" त्याने बेगायिमचं मनगट धरून तिला बाहेर ओढलं. ताट उपडं झालं. दुसरा डूल कुठे गेला, कुणालाच दिसलं नाही. अंधार पडेपर्यंत सगळे गवतात चाचपत होते.

एर्मेकला मात्र हवा होता तेवढा प्रसंग मिळाला होता. जाताना तो उमसुनायला म्हणाला, "नटीसाठी दुसरी जोडी आणतो, आपा. हा राहू दे तुम्हाला."

"राहणारच आहे," उमसुनाय म्हणाली.

त्या रात्री घरात जेवणं थंड झाली.

"काढ तो डूल," तालाय म्हणाला. "उद्या केरेझकडे जायचं, चार लोकांसमोर परत करायचा आणि सांगायचं, सिनेमा होता म्हणून."

"आशीर्वाद दिलाय अतांनी."

"खोटा होता तो! आपा, लोक काय म्हणतील? धाकट्या मुलाला आईला दोन घास घालता येईनात, म्हणून म्हातारपणी दुसऱ्याची चूल धरली. मी उद्या या गावात तोंड कसं दाखवू?"

"दोन घास तू घालतोस. कधी नाही म्हटलं मी?" उमसुनाय शांतपणे चहा ओतत होती. "तुझ्याकडे मी जेवते, तालाय. त्याच्याकडे मी बोलते."

"बाबांचं तरी काही..."

"तुझ्या बाबांचं शेवटचं पाणी माझ्या हातून गेलं. त्यांचं आणि माझं सगळं चुकतं झालंय. तू मध्ये पडू नकोस."

तालाय उठून दारात उभा राहिला. "या दारातून मी तुला जाऊ देणार नाही."

"आणि मी चोरून जाणार नाही," ती म्हणाली. "मी काय पळून जाणारी पोर आहे? तू बाजूला होशील, दार उघडशील, तेव्हाच जाईन. पण तोवर हा डूल कानातून निघणार नाही. माझ्या मयतीला काढा, जमलं तर."

अशी दोन हट्टी माणसं एका घरात राहू लागली. तालाय वाईट नव्हता बरं का. सकाळी बॉयलरवर जाण्याआधी तो आईचे नमद्याचे बूट शेगडीजवळ गरम करून ठेवायचा. फक्त तिच्या उजव्या कानाकडे बघायचा नाही.

उमसुनाय एक डूल घालून गावभर फिरली. दुकानात, लग्नात, दवाखान्यात. रुमाल बांधायची तोही उजवा कान मोकळा सोडून.

"काय गं उमसुनाय," विहिरीवर बायकांनी छेडलं, "दुसरा कान रिकामाच का?"

"तो तुमच्या गप्पा ऐकायला मोकळा ठेवलाय."

"या वयात डूल? अगं, नातीला डूल घालायचे दिवस आले!"

"तिलाही घालू. कान काय एकट्या पोरींनाच असतात?"

तोक्तोसुनच्या गाडीतून जायला मात्र तालायने तिला बंदी केली होती. कॅन तेवढे जायचे. तोक्तोसुन ते पुढच्या सीटवर ठेवायचा आणि पट्टा लावायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "हसा. पण कॅनला धक्का लावू नका."

हिवाळ्याच्या तोंडावर तालाय सापाराली अतांकडे गेला. मी शाळेची बाई, तिथेच होते, त्यांच्या पणतूला पाढे शिकवत.

"अता, तो आशीर्वाद परत घ्या."

"परत? आशीर्वाद म्हणजे काय उसनी कुऱ्हाड आहे?"

"सिनेमा होता तो!"

"त्यांचा असेल. मी जन्मात खोटा आशीर्वाद दिला नाही. माझ्यासमोर तोक्तोसुन होता. उमसुनाय होती. तळवे उघडे होते. त्या तीन पायांच्या जनावराशी मला काय करायचंय?"

"तुम्हाला नीट दिसत नाही, अता."

"म्हणूनच जे दिसतं ते मी नीट बघतो. जा, चहा पिऊन जा."

ऐन थंडीत अता गेले. जमीन दगडासारखी झाली होती. रात्रभर शेकोटी पेटवून माती मऊ केली आणि पहाटे कबर खणली ती तालायने. खणून झाल्यावर तो माझ्याशेजारी हात झटकत म्हणाला, "बाई, आता संपलं ते सगळं. देणारा गेला, दिलेलं गेलं." त्याच्या आवाजात आनंद नव्हता. दमला होता तो.

मी बायकांकडे वळले. उमसुनाय बायकांच्या घोळक्यात अतांसाठी रडत होती आणि रडताना तिचा एकच डूल हलत होता.

वसंतात खिंड मोकळी झाली, आणि एर्मेक सिनेमा घेऊन आला. गावच्या क्लबात पडदा लावला. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा, म्हणून सगळे कोट घालूनच बसले. उमसुनाय बेगायिमचा हात धरून आली आणि थेट पहिल्या रांगेत बसली. शेजारच्या खुर्चीवर तिने एक रिकामा कॅन ठेवला.

"आपा, इथे बसू का?" कुणीतरी विचारलं.

"ती जागा कॅनची आहे."

दिवे मालवायच्या आधी तोक्तोसुन आला, दाढी करून, हनुवटीवर कापून घेऊन. उमसुनायने कॅन उचलला, मांडीवर घेतला. तो बसला. सगळ्या क्लबाने एकदम पडद्याकडे बघितलं. पडद्यावर अजून काही नव्हतं.

सिनेमा गमतीचा होता. पडद्यावरचा म्हातारा प्रेमपत्र लिहायचा आणि ते बकरी खायची. आम्ही पोट धरून हसलो. मग तो तंबू आला. त्या दोन पाठी आल्या.

"अरे, उमसुनाय! कोट बघा कसा ताणलाय!"

"आणि तोक्तोसुनची पाठ हसतेय!"

मग पडद्यावर सापाराली अता आले. हसू जागच्या जागी थांबलं. काही महिन्यांपूर्वी मातीत ठेवलेला माणूस समोर बसला होता आणि आपले अंधूक डोळे बारीक करून एकेकाकडे बघत होता. तो थांबला. वाट बघत राहिला. आणि मुलांनो, त्या अंधारात, रांगेमागून रांग, सगळ्यांचे तळवे उघडले गेले. कुणी सांगितलं नाही. तुमच्या चुलीचा धूर सरळ वर जावो, अता म्हणाले, आणि आम्ही पडद्याला "ओमिन" म्हणालो. माझ्या मागे कुणीतरी हुंदका दिला. पडद्यावर केरेझचा हात पुढे आला, एक डूल चढला, आणि पुढच्या क्षणी तिथे बिश्केकच्या नटीचा हसरा चेहरा होता, दोन्ही कानांत डूल घातलेला.

दिवे लागले तेव्हा तालाय दाराशी उभा होता. केव्हा आला होता कोण जाणे. हात जाकिटाच्या खिशात खोल घातलेले.

"आपा," तो म्हणाला. "घरी चल."

उमसुनाय उठली. सगळ्यांना वाटलं, ती जाणार. ती दाराकडे वळली, आणि तिथेच उभी राहून बोलली, मोठ्याने, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं.

"येते. तुझ्याच घरी येते. पण आधी नीट बघून घे. हा एक कान तुम्ही सगळ्यांनी इतके महिने हसण्यावारी नेला. हसा. मी शरमेने डूल काढलेला नाही आणि काढणारही नाही. ज्याला मला बघून तोंड फिरवून बसायचं असेल त्याने खुशाल बसावं, मान दुखेल त्याची. मला या माणसाच्या शेजारी बसायचंय. गाडीत, दिवसाउजेडी, पुढच्या सीटवर."

तोक्तोसुन उभा राहिला होता, उमसुनायच्या मांडीवरून घसरलेला कॅन दोन्ही हातांनी छातीशी धरून.

तेव्हा बेगायिम खुर्चीवर चढली. तिने डाव्या हातातला लोकरीचा हातमोजा काढला, उलटा केला आणि झटकला. त्यातून चांदीचा डूल तिच्या तळव्यावर पडला.

"तुझ्याकडे होता?" केरेझ ओरडली. "अगं, आम्ही गुडघे फोडून घेतले गवतात!"

"बाबाने ओढलं तेव्हा ताटातून मुठीत आला," बेगायिम म्हणाली. "बाबा रागावला होता. मी राग जायची वाट बघत होते."

केरेझने डूल उचलला, उमसुनायने मान कलती केली. डाव्या कानाचं भोक बुजत आलं होतं, दोनदा चुकलं. तिने डोळे घट्ट मिटले. तिसऱ्यांदा डूल आत गेला.

बेगायिम खुर्चीवर सरळ उभी राहिली. तिने आपले दोन्ही तळवे उघडले आणि पुढे धरले. लहान मुलं आमच्याकडे आशीर्वाद देत नाहीत. पण समोर तळवे उघडले की आपले उघडायचे, ही सवय हाडात असते. केरेझचे उघडले. विहिरीवरच्या बायकांचे उघडले. एर्मेकचे, माझे. तोक्तोसुनने कॅन खाली ठेवला आणि त्याचेही उघडले.

बेगायिम बोलेना. ती रांगेमागून रांग बघत गेली, अता बघायचे तशी, आणि शेवटी तिची नजर दारावर थांबली.

मग तालायचा एक हात खिशातून बाहेर आला. काळा, कोळशाचा. तो अर्धवट उघडला.

बेगायिमने नाही म्हणून मान हलवली, आपले दोन्ही तळवे आणखी थोडे वर धरले आणि थांबून राहिली.